चौथीचं वर्ष

आमच्या घरात चौथीचं वर्ष जरा जास्त मानाचं.
आधी अँटनचं आलं, मग माझं,
शेवटी निकोचं.
चौथीतल्या मुलाला सरकार एक पास देतं,
वर्षभर राष्ट्रीय उद्यानाचं फाटक मोफत,
आणि त्याच्यासोबत गाडीत जेवढे कोंबले असतील
तेवढ्या सगळ्यांना.
"तुमच्यात दोन-दोन वर्षांचं अंतर ठेवलं
ते काय उगीच?" आई म्हणायची.
बाबा चष्मा पुसत बसायचे.

प्वेब्लोच्या पोलाद कारखान्यात त्यांच्या पाळ्या
तेव्हा आठवड्याला तीनवर आल्या होत्या.
फ्रिजवर कॅलेंडर, त्यावर आईच्या हिरव्या खुणा :
डेन्व्हरच्या म्युझियमचा फुकटचा दिवस,
वाचनालयातला पास परत करायची तारीख.
म्युझियममध्ये ती एकेक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची,
वाचायचे वेगळे पैसे पडत नाहीत.
कॅफेसमोरून मात्र आम्हाला असं झपाझप न्यायची
जणू आत गोवराची साथ आहे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत.
आम्ही पाय मोजून सीट पाडायचो.
तरी बाबांची पावलं रात्रभर डिकीबाहेर,
पावलांवर टॉवेल,
टॉवेलवर डास.

निकोच्या पासाचे शेवटचे दिवस.
ऑगस्ट संपत आलेला, शाळा सुरू होऊन दोन आठवडे झालेले.
आम्ही पहाटे निघालो, ला व्हीटाची खिंड ओलांडली,
आणि उतारावर आईला एकदम सुचलं :
"निको, हा आता पाचवीत गेला ना!"
मग वीस मैल घोकंपट्टी.
कितवीत? चौथीत.
कितवीत? चौथीत.
"खोटं नाही हे," आई म्हणाली, "जुनं खरं आहे."
सन-व्हायझरमागे पाकीट होतं, त्यात पंचवीस डॉलर,
पकडलो गेलो तर.
अँटन खिडकीबाहेर बघत होता,
जसं काही तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीत बसलाय.

फाटकावरच्या बाई उन्हानं रापलेल्या.
पास घेतला, आत डोकावल्या,
"काय दोस्ता, कितवीत तू?"
"पाचवीत!" निको म्हणाला.
छाती काढून.
नवा वर्ग, नवे बूट, सांगायला कुणी मिळत नव्हतं त्याला.

गाडीत कूलरमधला बर्फ सरकल्याचं ऐकू आलं.
आईचा हात व्हायझरकडे निघालेला.
बाईंनी पास उलटा करून पाहिला.
"एकतीसपर्यंत चालतो," म्हणाल्या. "वाळू तापायच्या आत चढा."

पार्किंगपर्यंत कुणी बोललं नाही.
मग बाबा हसायला लागले.
आधी नाकातून, मग पोटातून,
स्टीअरिंगवर कपाळ टेकून.
कारखान्याचं पत्र आल्यापासून
मी तो आवाज ऐकला नव्हता.
"वीस मैल, ओफेलिया," ते म्हणाले, "वीस मैल त्या पोराला!"

घसरायच्या फळ्या भाड्यानं मिळतात, त्या आम्ही घेतल्या नाहीत.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा नेला होता.
कोरड्या वाळूवर पुठ्ठा सरकत नाही.
बसलात तिथेच बसून राहता.
निको एका टेकडीवर तसाच बसून राहिला,
राजासारखा, पाचवीतला.

एरवी आई खालीच थांबायची, कूलर राखत,
पण त्या दिवशी तिनं कूलर सोडला.
हातात चपला, दोन पावलं वर, एक खाली,
दर दहा पावलांवर थांबून
कुणावर तरी चिडल्यासारखी मागे बघायची.
माथ्यावर पोचल्यावर काही बोलली नाही.
मी विचारलं, काय दिसतं?
म्हणाली, "पाटी नाहीये इथे कुठे."

परतताना रस्त्याकडेला पीचची गाडी लागली.
व्हायझरमागून पाचाची नोट निघाली.
विसाची परत आत गेली.
रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता
आणि आई म्हणत होती, सीटवर नको, सीटवर नको,
स्वतःच्या मांडीवर सांडत.

ती गाडी पुढे आम्ही विकली.
विकायच्या आदल्या दिवशी मी आत झाडलोट केली.
सीटखालून एवढी वाळू निघाली
की डस्टपॅन दोनदा भरला.